दोन खजिन्यांचा वजीर : ख्वाजा महमूद गवान

रमजान आला की बहुतेक मुस्लिम घरांत जकातीचा हिशोब मांडला जातो. साठलेली रक्कम, सोनं-चांदी, दुकानातला माल यांची किंमत काढायची, त्यातून देणं वजा करायचं आणि उरलेल्याचा चाळिसावा हिस्सा गरजूंसाठी वेगळा ठेवायचा. या हिशोबाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते. हातात असलेल्या पैशापैकी आपला किती आणि दुसऱ्याचा किती? दुसऱ्याचं जे आपल्याजवळ राहतं ती अमानत, आणि अमानतीत खयानत करू नये ही इस्लामची मूळ शिकवण आहे.

सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये एका वजिराने हा प्रश्न आयुष्यभर स्वतःला विचारला. घरातल्या पैशाला त्यांनी तो लावला आणि राज्याच्या नकाशालाही लावला. घरातल्या हिशोबाने त्यांचं नाव राहिलं. नकाशातल्या हिशोबाने मात्र त्यांचा जीव घेतला. त्यांचं नाव ख्वाजा महमूद गवान.

दाभोळला उतरलेला व्यापारी

इराणच्या उत्तरेला, कास्पियन समुद्राच्या काठी गिलान प्रांत आहे. तिथल्या कावान गावात १४११ च्या सुमारास महमूद यांचा जन्म झाला. गावाच्या नावावरून पुढे त्यांना गवान म्हणू लागले. घराणं वजिरांचं होतं. पण दरबारातल्या हेव्यादाव्यांना कंटाळून तरुणपणीच त्यांनी देश सोडला आणि व्यापार धरला. व्यापाराच्या निमित्ताने शहरं पाहिली, विद्वानांच्या पायाशी बसून शिक्षण घेतलं. फारसीवर त्यांचं असं प्रभुत्व होतं की पुढे त्यांच्या पत्रांचा संग्रह, रियाजुल इन्शा, पत्रलेखनाचा नमुना मानला गेला.

१४५३ साली, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांचं जहाज कोकणात दाभोळला लागलं. दाभोळ तेव्हा बहमनी राज्याचं गजबजलेलं बंदर होतं. बीदरला जाऊन सूफी संत शाह मुहिब्बुल्लाह यांची भेट घ्यायची आणि तिथून दिल्ली गाठायची, असा त्यांचा बेत होता. दिल्ली राहूनच गेली. बीदरचा सुलतान अलाउद्दीन अहमद याने या व्यापाऱ्याची बुद्धी ओळखली, त्यांना दरबारात ठेवून घेतलं आणि मनसब दिली.

ज्या दरबारात ते आले तो आतून दुभंगलेला होता. एका बाजूला दख्खनी सरदार होते. ते पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेले होते आणि हबशी सरदार बहुधा त्यांच्याच बाजूचे असत. दुसऱ्या बाजूला इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून नव्याने आलेले आफाकी, म्हणजे परदेशी. भांडण धर्माचं नव्हतं, कारण दोन्ही बाजूंना मुसलमानच होते. भांडण होतं जागांचं, जहागिरींचं आणि सुलतानाच्या कानाचं. गवान येण्याच्या काहीच वर्षं आधी सह्याद्रीच्या जंगलात बहमनी फौजेचा मोठा पराभव झाला होता. त्यातून वाचलेले परदेशी शिपाई चाकणच्या किल्ल्यात आले, तेव्हा ते बंडाच्या तयारीत आहेत अशी खोटी पत्रं दख्खनी सरदारांनी सुलतानाला धाडली. त्या पत्रांवर विश्वास बसला आणि चाकणला भीषण कत्तल झाली. खोट्या पत्राने माणसं मरतात हे या दरबाराने आधीच पाहिलं होतं.

गवान स्वतः परदेशी. तरीही एका बाजूचं होऊन राज्य चालणार नाही हे त्यांना लवकरच समजलं.

राणी, बालसुलतान आणि वजीर

नलगोंड्याचं बंड मोडून त्यांनी आपली योग्यता दाखवली. पुढचा सुलतान हुमायून याने त्यांना मलिकुत्तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब आणि विजापूरचा कारभार दिला. १४६१ मध्ये हुमायून वारला आणि गादीवर बसला आठ वर्षांचा निजामशाह. राज्य चालवायला तिघांचं मंडळ झालं. राजमाता मखदूमा-ए-जहाँ, ख्वाजा जहाँ तुर्क आणि महमूद गवान.

लहान मूल गादीवर पाहून शेजारी चालून आले. माळव्याचा महमूद खिलजी बीदर शहरात शिरला. राजमातेला मुलासह भीमाकाठच्या फिरोजाबादला जावं लागलं. गवान यांनी गुजरातच्या सुलतानाची, महमूद बेगड्याची, मदत मिळवली आणि माळव्याच्या फौजेला माघारी लावलं. निजामशाह दोनच वर्षांत वारला आणि त्याचा धाकटा भाऊ मुहंमदशाह तिसरा गादीवर आला. तोही अजून मूलच होता. १४६६ मध्ये ख्वाजा जहाँ तुर्क भर दरबारात मारला गेला. त्यानंतर राज्याची सगळी सूत्रं गवान यांच्या हाती आली आणि ख्वाजा जहाँ हा किताबही त्यांनाच मिळाला.

त्यांच्या कारकिर्दीत बहमनी राज्य अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलं. १४६९ मध्ये ते कोकणच्या मोहिमेवर निघाले. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर इथल्या राजांची जहाजं व्यापाऱ्यांना आणि मक्केच्या यात्रेकरूंना लुटतात, ही जुनी तक्रार होती. जंगल तोडत वाट काढायची, पावसाळा लागला की घाटावर कोल्हापूरला छावणी हलवायची आणि पाऊस सरला की पुन्हा खाली उतरायचं, अशी ही मोहीम चालली. काही किल्ले तलवारीने आले, काही पैशाने आणि बोलणी करून. १४७२ मध्ये समुद्र आणि जमीन अशा दोन्ही बाजूंनी चढाई करून त्यांनी विजयनगरच्या ताब्यातला गोवा घेतला. पुढे बेळगावच्या वेढ्यात तटाखाली दारूचे सुरुंग लावण्यात आले. दख्खनला हे तंत्र तेव्हा नवं होतं.

या मोहिमा त्या काळच्या इतर मोहिमांसारख्याच होत्या. त्यात लूट होती आणि रयतेचे हालही होते. गवान यांचं मोठेपण लढायांत शोधण्याची गरज नाही.

विजयाच्या रात्री

गोवा जिंकून ते बीदरला परतले, तेव्हा सुलतान स्वतः त्यांच्या वाड्यावर आठवडाभर पाहुणा म्हणून राहिला. राजमातेने त्यांना भाऊ म्हटलं, सुलतानाने आपली वस्त्रं त्यांच्या अंगावर घातली. एका वजिराला यापेक्षा मोठा मान मिळणं शक्य नव्हतं.

इतिहासकार फिरिश्ता सांगतो की सुलतान गेल्यावर गवान आपल्या खोलीत गेले, उंची कपडे उतरवले, जमिनीवर पडून रडले आणि मग फकिराचा साधा वेश घालून बाहेर आले. बीदरमधल्या विद्वानांना आणि फकिरांना बोलावून व्यापाराच्या आणि सत्तेच्या काळात जमवलेलं रोख, दागिने, सामान त्यांनी वाटून टाकलं. मागे ठेवले ते फक्त हत्ती, घोडे आणि पुस्तकं. हत्ती-घोडे सुलतानाचे आहेत, आपल्याजवळ उसने आहेत, आणि पुस्तकं विद्यार्थ्यांच्या मालकीची आहेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. एवढा मान मिळाल्यावर मनात गर्व शिरला आणि त्याचं भय वाटलं, असं कारण त्यांनी जवळच्यांना सांगितल्याचं फिरिश्ता लिहितो.

पुस्तकांची सोय त्यांनी त्याच सुमारास केली. बीदरला त्यांनी बांधलेला तीन मजली मदरसा १४७२ मध्ये उभा राहिला. उंच मिनार, भिंतींवर निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या चकचकीत फरशा, तासिकांसाठी दालनं, विद्यार्थ्यांना राहायला खोल्या, मशीद आणि सुमारे तीन हजार हस्तलिखितांचं ग्रंथालय. दूरदूरच्या विद्वानांना इथे शिकवायला बोलावणं जाई. इराणचे प्रसिद्ध कवी जामी यांच्याशी गवान यांचा पत्रव्यवहार होता. मदरशाच्या बांधणीचं साल एका कवीने कुराणातल्या एका दुआच्या अक्षरांत शोधलं. काब्याच्या भिंती उभारताना हजरत इब्राहीम आणि हजरत इस्माईल यांनी आपलं काम कबूल व्हावं म्हणून केलेली ती दुआ आहे. तिच्या अक्षरांची अंकमोजणी केली की हिजरी ८७६ हे साल येतं.

चार सुभ्यांचे आठ सुभे

साताबाराच्या उताऱ्यावर अजूनही काही गावांची नावं अमुक तर्फे तमुक अशी लिहिलेली दिसतात. त्यातला तर्फ हा शब्द जुना आहे. बहमनी काळात तर्फ म्हणजे गावांचा छोटा गट नसून अख्खा प्रांत, आणि त्याचा अधिकारी तरफदार. सुरुवातीपासून राज्याचे असे चार प्रांत होते. दौलताबाद, वऱ्हाड, गुलबर्गा आणि तेलंगण.

राज्य लहान होतं तोवर ही घडी चालली. पण आता हद्द गोव्यापासून राजमहेंद्रीपर्यंत गेली होती आणि प्रांत चारच राहिले होते. एकेका तरफदाराच्या हातात एका राजाला पुरेल एवढा मुलूख होता. महसूल तो गोळा करी, फौज तो ठेवी आणि प्रांतातल्या प्रत्येक किल्ल्यावर किल्लेदारही तोच नेमी. किल्लेदाराचं इमान सुलतानाशी नसे, तरफदाराशी असे. त्या वर्षांत बीदरला आलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन चौलला उतरून जुन्नरमार्गे आला होता. रयत फार हलाखीत आहे आणि सरदार अतोनात श्रीमंत आहेत, असं त्याने लिहून ठेवलं. त्यातच बेळगावच्या मोहिमेनंतर दख्खनमध्ये लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही. पेरण्या झाल्या नाहीत, गावं ओस पडली.

गवान यांनी चार सुभ्यांचे आठ सुभे केले. वऱ्हाडचे दोन भाग झाले, गाविलगड आणि माहूर. दौलताबादेतून जुन्नर वेगळं निघालं आणि त्यात इंदापूर, वाई, माणदेश, कोकणचा काही भाग आला. गुलबर्ग्याचे विजापूर आणि गुलबर्गा असे दोन झाले. सोलापूर, नळदुर्ग गुलबर्ग्याकडे राहिले आणि रायचूर, मुदगल विजापूरकडे गेले. तेलंगणाचे राजमहेंद्री आणि वरंगळ असे दोन तुकडे झाले.

नुसत्या वाटणीवर ते थांबले नाहीत. प्रत्येक सुभ्यातला काही मुलूख त्यांनी थेट सुलतानाच्या खालशात घेतला, म्हणजे तिथला वसूल सरळ बीदरच्या खजिन्यात जमा होणार. तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला राहील, बाकीच्या किल्ल्यांवर किल्लेदार सुलतान नेमील आणि त्यांचा पगार मध्यवर्ती खजिन्यातून जाईल, असा नियम केला. जमिनीची मोजणी करून घेतली, गावांच्या हद्दी ठरवल्या आणि त्यावरून सारा बांधला.

फौजेच्या खर्चातही असाच हिशोब लावला. पाचशे स्वारांच्या सरदाराला वर्षाला एक लाख होन, पुढे सव्वा लाख, रोख किंवा तेवढ्या उत्पन्नाची जहागीर. जहागिरीचं उत्पन्न कमी पडलं तर तूट खजिना भरून देई. पण हजेरीत एक स्वार जरी कमी निघाला, तरी त्याची रक्कम कापली जाई. कागदावर पाचशे आणि पागेत तीनशे, हा जुना धंदा त्यामुळे बंद झाला.

आठ सुभ्यांचे अधिकारी नेमताना त्यांनी दख्खनी आणि परदेशी दोघांनाही जागा दिल्या. गाविलगड फतहुल्लाह इमादुलमुल्क यांच्याकडे, माहूर आणि गुलबर्गा हबशी सरदारांकडे, दौलताबाद त्यांच्या विश्वासातल्या यूसुफ आदिलखानाकडे. विजापूर त्यांच्या स्वतःकडे राहिलं आणि नवे नियम त्यालाही लागू झाले.

शिक्का कोऱ्या कागदावर

या फेरबदलाने सगळ्यात जास्त दुखावला तो मलिक हसन बहरी, निजामुलमुल्क. अख्ख्या तेलंगणाची उमेद धरलेल्या या दख्खनी सरदाराच्या वाट्याला फक्त राजमहेंद्री आली. त्याचा मुलगा मलिक अहमद याला बापापासून दूर माहूरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली पाठवण्यात आलं होतं, तेही त्याच्या मनात सलत होतं. किल्ले गेलेले, हजेरीत पकडले गेलेले इतर सरदार त्याला मिळाले.

१४८१ मध्ये सुलतान पूर्वेकडच्या मोहिमेवर होता आणि छावणी कोंडापल्लीला पडली होती. यूसुफ आदिलखान दुसऱ्या कामगिरीवर दूर गेला होता. ही संधी साधून कटवाल्यांनी गवान यांचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाशी मैत्री वाढवली, त्याला भेटी दिल्या आणि एके दिवशी दारूच्या नशेत त्याच्याकडून एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. त्या कागदावर मग ओरिसाच्या राजाला उद्देशून मजकूर लिहिला गेला. सुलतान व्यसनी आणि जुलमी आहे, रयत कंटाळली आहे, आपण चालून या, राज्य वाटून घेऊ, अशा अर्थाचा. गवान दूर असताना हा कागद सुलतानाच्या हाती पडेल अशी व्यवस्था करण्यात आली.

मुहंमदशाह आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता आणि दारूच्या पूर्ण आहारी गेला होता. पत्र वाचताच त्याने वजिराला बोलावणं धाडलं. काहीतरी शिजतंय याचा सुगावा मित्रांना लागला होता. आज जाऊ नका, घोडेस्वार तयार आहेत, गुजरातला निघा, असं त्यांनी परोपरीने विनवलं. गवान यांनी ऐकलं नाही. ज्या घराण्याच्या चाकरीत दाढी पांढरी झाली, त्याच घराण्यासाठी ती रक्ताने रंगली तरी चालेल, पण पळून जाऊन गुन्हेगार ठरायचं नाही, असं त्यांचं उत्तर होतं.

सुलतानाने विचारलं की धन्याशी बेइमानी करणाऱ्याला शिक्षा काय. गवान यांनी शांतपणे सांगितलं की तलवार. मग पत्र पुढे टाकण्यात आलं. शिक्का माझाच आहे, पत्र माझं नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. चौकशी झाली नाही. सुलतान उठला आणि जौहर नावाच्या हबशी गुलामाला हुकूम देऊन जनानखान्याकडे वळला. माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा जीव गेला तर काही बिघडत नाही, पण यात तुमची बदनामी आहे आणि राज्याचा नाश आहे, एवढंच गवान म्हणाले. किब्ल्याकडे तोंड करून ते गुडघ्यांवर बसले आणि कलमा पढत असतानाच त्यांच्यावर तलवार चालली. तो दिवस ५ एप्रिल १४८१, हिजरी ८८६ च्या सफर महिन्याची पाचवी तारीख.

उघडलेला खजिना

एवढी वर्षं राज्य चालवलेल्या वजिराकडे अफाट संपत्ती असणार, असं सुलतानाला वाटत होतं. त्याने गवान यांचे खजिनदार निजामुद्दीन हसन गिलानी यांना बोलावलं.

हिशोब असा निघाला. ख्वाजांचे दोन खजिने होते. एकाचं नाव सुलतानाचा खजिना. जहागिरीचं सगळं उत्पन्न त्यात जमा होई आणि त्यातून शिपायांचा पगार, हत्ती-घोड्यांचा चारा जाई. उरलेला पैसा सुलतानाच्या नावाने गोरगरिबांना वाटला जाई. त्यातली एक कवडीही त्यांनी स्वतःसाठी घेतली नव्हती. दुसऱ्याचं नाव फकिराचा खजिना. इराणहून येताना त्यांनी चाळीस हजार लारी आणल्या होत्या. लारी म्हणजे चांदीच्या तारेची, मधोमध दुमडलेली नाणी. ती तेव्हा कोकणच्या बंदरांत सर्रास चालत. हे भांडवल व्यापारात गुंतवलेलं होतं. त्याच्या नफ्यातून त्यांचा स्वतःचा साधा खर्च निघे आणि बाकीचा आई, नातेवाईक आणि परदेशातल्या गरजू विद्वानांना पाठवला जाई. त्या खजिन्यात शिल्लक निघाल्या तीनशे लारी.

घरातल्या वस्तूंचीही चौकशी झाली. निकितिनने ज्या वजिराच्या दस्तरखानावर रोज शेकडो माणसं जेवताना पाहिली होती, त्यांचं स्वतःचं जेवण मातीच्या भांड्यांत शिजत होतं आणि झोपायला चटई होती. पुस्तकं होती ती मदरशाच्या नावे. शुक्रवारच्या रात्री वेश बदलून ते बीदरच्या मोहल्ल्यांत फिरत, गरिबांच्या हातात पैसे ठेवत आणि हे सुलतानाने पाठवलेत, त्याच्यासाठी दुआ करा, असं सांगत, हेही तेव्हाच कळलं.

सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण फार उशिरा. शव सन्मानाने बीदरला पाठवण्यात आलं. यूसुफ आदिलखान, इमादुलमुल्क आणि माहूरचा सुभेदार यांनी मात्र यापुढे सुलतानाच्या छावणीजवळ तंबू ठोकायलाही नकार दिला. वर्षही सरलं नाही तोच, मार्च १४८२ मध्ये, मुहंमदशाह वारला. शेवटच्या तापात, गवान आपल्याला मारतोय, असं तो ओरडत होता, अशी नोंद आहे. मलिक हसन वजीर झाला आणि १४८६ मध्ये बीदरमध्येच मारला गेला.

पुढच्या काही वर्षांत जे घडलं त्याच्या खुणा महाराष्ट्राच्या नकाशावर आहेत. मलिक हसनच्या मुलाने, मलिक अहमदने, १४९० मध्ये जुन्नरला स्वतंत्र सत्ता जाहीर केली आणि पुढे अहमदनगर वसवलं. विजापूरला यूसुफची आदिलशाही आली, वऱ्हाडात इमादशाही. नंतर गोवळकोंड्याला कुतुबशाही आणि बीदरला बरीदशाही. सुभेदारांनी राजे होऊ नये म्हणून ज्या माणसाने रेषा आखल्या, तो माणूस गेल्यावर त्या सुभ्यांतूनच राज्यं उभी राहिली. रेषा होत्या तशाच राहिल्या. किल्ले कोणाचे, वसूल कोणाचा, हा हिशोब विचारणारा कोणी उरला नाही.

बीदरचा मदरसा त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं उभा होता. औरंगजेबाच्या काळात तिथे दारूगोळा साठवला होता. १६९६ च्या सुमारास त्याचा स्फोट झाला आणि समोरचा मोठा भाग, एक मिनार कोसळला. उरलेला मिनार आणि भिंतींवरच्या निळ्या फरशा आजही पाहायला मिळतात. शहराबाहेर ख्वाजांची कबर आहे. बहमनी सुलतानांच्या भव्य घुमटांच्या मानाने ती अगदी साधी आहे, उघड्या आभाळाखालची. तीनशे लारी शिल्लक ठेवून गेलेल्या माणसाला ती शोभून दिसते.